कमी बजेटमध्ये अंदमान: आधी बोट, मग हॉटेल

पहिल्यांदा अंदमानला गेलो तेव्हा आम्ही चौघंजण एका एजंटाचं पाच रात्रींचं पॅकेज घेऊन गेलो होतो. पाच रात्रींत तीन बेटं आणि चार हॉटेलं. शेवटच्या दिवशी दुपारी विमान, आणि आम्ही सकाळी नील बेटाच्या धक्क्यावर बॅगांवर बसलेलो. रात्रीपासून वारा सुटला होता, सकाळची बोट रद्द झाली होती. बोटीचे पैसे परत मिळाले, विमानाचे बुडाले. एजंट फोन उचलेना. चार नवी तिकिटं आणि एक जादाची रात्र, यात पॅकेजमध्ये वाचवलेलं सगळं गेलंच, वर पदरचेही गेले.

तीन वर्षांनी मी आणि आई दोघीच गेलो, पॅकेज न घेता. सात रात्री राहिलो आणि माणशी खर्च पहिल्या खेपेपेक्षा कमी आला. आम्ही काही फार काटकसर केली नव्हती, फक्त क्रम बदलला होता. अंदमानात पैसे हॉटेलात कमी आणि पाण्यावर जास्त जातात. एका बेटावरून दुसऱ्यावर जायचं म्हणजे बोटीचं भाडं, दोन्ही टोकांना रिक्षा, आणि अर्धा दिवस. त्यामुळे आधी बेटं मोजायची, मग बोटी, आणि हॉटेल सगळ्यात शेवटी.

१. नावांचा घोळ आधी सोडवून घ्या

नवख्या माणसाची पहिली अडचण इथेच होते. पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. त्याआधी, डिसेंबर २०१८ मध्ये, हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. बोटीच्या वेबसाइटवर एक नाव, हॉटेलच्या पानावर दुसरं, रिक्षावाल्याच्या तोंडी तिसरं. माझ्या एका मैत्रिणीने स्वराज द्वीप आणि हॅवलॉक ही दोन बेटं समजून दोन्हीकडे खोल्या बघायला सुरुवात केली होती! मी पुढे जुनीच नावं वापरते, कारण धक्क्यावर तीच ऐकू येतात. तुम्ही मात्र दोन्ही नावं कागदावर लिहून ठेवा.

२. महिना निवडा, पण सुट्ट्या बघून

नोव्हेंबर ते एप्रिल हा हंगाम. त्यातला दिवाळीचा आठवडा आणि नाताळ ते जानेवारीचा पहिला आठवडा हे सगळ्यात महाग दिवस. तेव्हा विमान, खोली, स्कूटर सगळ्याचेच दर चढलेले असतात आणि स्वस्त खोल्या आधीच संपतात. बजेट आखडतं असेल तर जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्च अखेर हा काळ धरा. समुद्र बऱ्यापैकी शांत, गर्दी ओसरलेली, शाळांच्या परीक्षा जवळ आल्यामुळे कुटुंबंही कमी.

"मान्सून अंदमानात दाखल" ही बातमी आपण दरवर्षी मे महिन्यात आनंदाने वाचतो. बोटीचं तिकीट हातात असेल तर तीच बातमी वाईट. पावसाळ्यात खोल्या स्वस्त मिळतात हे खरं, पण बोटी रद्द होण्याचं प्रमाण वाढतं आणि पाणी गढूळ होऊन स्नॉर्कलिंगची (मास्क आणि नळी लावून पाण्याखालचं बघण्याची) मजा जाते. ऑक्टोबर ते डिसेंबर हाही बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा काळ आहे. डिसेंबर २०१६ मध्ये हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले होते, त्यांना काढायला नौदलाची जहाजं पाठवावी लागली. म्हणून घाबरून जाऊ नका, पण डिसेंबरच्या सुरुवातीला जाणार असाल तर हाताशी एक दिवस मोकळा ठेवा.

३. किती बेटं? तुम्ही म्हणताय त्यापेक्षा एक कमी

या सगळ्या लेखातली एकच गोष्ट ऐकायची असेल तर ही ऐका. आमची सात रात्रींची आखणी अशी होती: पोर्ट ब्लेअर एक, हॅवलॉक तीन, नील दोन, पुन्हा पोर्ट ब्लेअर एक. म्हणजे बोटी तीनच, आणि त्रिकोणी फेरी असल्यामुळे एकही रस्ता दोनदा नाही.

तुमच्याकडे पाचच रात्री असतील तर नील गाळा. पोर्ट ब्लेअर एक, हॅवलॉक तीन, पोर्ट ब्लेअर एक. "एवढ्या लांब आलोय तर तेही बघून घेऊ" हे वाक्य अंदमानात फार महाग पडतं. नील सुंदर आहे, पण एका रात्रीसाठी तिथे जाणं म्हणजे दुपारी पोहोचायचं, अंधार पडायचा आणि सकाळी बॅग भरायची.

परतीच्या विमानाच्या आदली रात्र मात्र पोर्ट ब्लेअरमध्येच काढायची. सकाळची बोट आणि दुपारचं विमान असा बेत कुणी कितीही छातीठोकपणे आखून दिला तरी नको म्हणा. त्या धक्क्यावर बसून मी हे शिकले आहे.

४. विमान

विमान हा एकूण खर्चातला सगळ्यात मोठा आकडा. महाराष्ट्रातून जाताना बहुतेक वेळा चेन्नई, कोलकाता किंवा बंगळुरूमार्गे जावं लागतं. तारखा दोन-तीन दिवस मागेपुढे सरकवून बघा, आठवड्याच्या मधल्या वारांना फरक दिसतो. शोधताना नाव सापडलं नाही तर विमानतळाचा कोड टाका: आयएक्सझेड.

दोन वेगवेगळी तिकिटं काढून पैसे वाचवायचे असतील (एक चेन्नईपर्यंत, दुसरं तिथून पुढे) तर लक्षात ठेवा, पहिलं विमान उशिरा पोहोचून दुसरं चुकलं तर जबाबदारी तुमची. एकाच पीएनआरवर दोन्ही टप्पे असतील तर विमान कंपनीला सोय करावी लागते. आईला घेऊन जाताना मी थोडे जास्त पैसे देऊन एकच तिकीट काढलं.

जहाजाबद्दल सगळे विचारतात. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून सरकारी प्रवासी जहाजं जातात, साध्या बंकचं भाडं विमानापेक्षा पुष्कळ कमी असतं. पण समुद्रात अडीच-तीन दिवस जातात, जहाजं रोज सुटत नाहीत आणि तारखा बदलतात. ज्याची रजा मोजकी आहे त्याने या वाटेला जाऊ नये. कॉलेज संपलेल्या, वेळच वेळ असलेल्या मंडळींनी जरूर जावं.

५. बोट: इथे घाई करू नका, पण उशीरही नको

दोन प्रकारच्या बोटी आहेत. खाजगी वातानुकूलित बोटी वेगवान असतात, हॅवलॉकला साधारण दीड तासात नेतात आणि तिकीट ऑनलाइन मिळतं. आम्ही गेलो तेव्हा सगळ्यात खालच्या वर्गाचं एका बाजूचं भाडंही हजाराच्या पुढे होतं. महागडा वर्ग घेऊ नका. खुर्ची थोडी रुंद असते, समुद्र तोच.

दुसऱ्या सरकारी बोटी. अडीच तासांच्या आसपास लागतात, भाडं बरंच कमी. तिकीट सरकारी पोर्टलवर किंवा फिनिक्स बे धक्क्याच्या खिडकीवर मिळतं. बेटांवरच्या लोकांचा यावर हक्क पहिला, आणि तो असायलाच हवा, कारण त्यांची ही एसटी आहे. दवाखाना, कॉलेज, बाजार सगळं याच बोटीने. त्यामुळे आपल्या वाट्याची तिकिटं लवकर संपतात.

मी काय केलं सांगते. जाताना हॅवलॉकची बोट खाजगी, आधीच बुक केलेली. हॅवलॉक ते नील आणि नील ते पोर्ट ब्लेअर सरकारी. त्यातला नील ते पोर्ट ब्लेअरचा प्रवास आईला सगळ्या सहलीत जास्त आवडला. खाजगी बोटीत काच बंद, काचेवर खाऱ्या पाण्याचे पुसट ओघळ, आणि शेजारचा माणूस पिशवी तोंडाशी धरून बसलेला. सरकारी बोटीत डेकवर उभं राहता येतं. नीलला अंदमानचं भाजीचं कोठार म्हणतात, ते तिथे कळतं: आमच्या पायाशी वांग्या-भेंडीची पोती होती आणि पोत्यांवर एक म्हातारबाबा निवांत झोपले होते. मध्येच उडते मासे पाण्यातून निघाले, मूठभर खडे कुणी आडवे भिरकावावेत तसे.

बोटीच्या बाबतीत नेहमी होणाऱ्या चुका:

- तिकिटावरचा धक्का न वाचणं. पोर्ट ब्लेअरमध्ये बोटी फिनिक्स बे आणि हॅडो अशा दोन धक्क्यांवरून सुटतात. चुकीच्या धक्क्यावर पोहोचलात तर बोट तुमच्यासाठी थांबणार नाही.
- ऐन वेळी पोहोचणं. ओळखपत्र तपासणी आणि सामानाचं स्कॅनिंग असतं. तासभर आधी जा.
- विमान उतरल्या उतरल्या दुपारची बोट पकडण्याचा बेत. विमान वेळेवर आलं तर रात्र वाचते. नाही आलं तर बोट जाते, आणि तिकडे हॅवलॉकच्या खोलीचं भाडंही जातं.
- रिकाम्या पोटी किंवा गच्च खाऊन चढणं. हलकं काहीतरी खा, बोट लागत असेल तर केमिस्टला विचारून उलटीची गोळी सुटण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास घ्या. लाटा सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बहुधा परत बाहेरच येते.

६. आता हॉटेल

बोटींच्या तारखा पक्क्या झाल्या की मगच खोल्या. पोर्ट ब्लेअरमध्ये अबर्डीन बाजारच्या आसपास राहा. सेल्युलर जेल, बस स्टँड आणि रॉसच्या बोटीचा धक्का चालत जाण्याच्या अंतरावर येतात, रिक्षाचे पैसे वाचतात. तिथली एक रात्र नुसती झोपायची असते, स्वच्छ चादर आणि पंखा एवढं पुरे.

हॅवलॉकला किनाऱ्यांना नंबर आहेत: गोविंदनगर तीन, विजयनगर पाच, राधानगर सात. स्वस्त खोल्या आणि बांबूच्या झोपड्या तीन ते पाचच्या पट्ट्यात जास्त. राधानगर पश्चिमेला, धक्क्यापासून दहा-बारा किलोमीटर, तिथे राहणं महाग. रस्त्याच्या अलीकडची, समुद्र न दिसणारी खोली घ्या, दोन मिनिटं चाललं की समुद्र आहेच. "बीच व्ह्यू" या दोन शब्दांना अंदमानात फार किंमत लावतात, आणि आमच्या पहिल्या खेपेला तो व्ह्यू म्हणजे दोन नारळांच्या मधली निळी पट्टी होती.

बुकिंग करताना रद्द करण्याची अट वाचा. बोट रद्द झाली तर तारीख पुढे ढकलून देणार का, हे फोन करून विचारा. लहान, घरगुती ठिकाणांचे मालक सहसा ढकलून देतात, त्यांना समुद्र माहीत असतो.

७. कागदपत्रं आणि सोबतचं सामान

भारतीय नागरिकांना पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील या नेहमीच्या फेरीसाठी वेगळा परवाना लागत नाही. हे ठेवा:

- आधार किंवा दुसरं सरकारी ओळखपत्र, प्रत्येकाचं, मूळ. लहान मुलांचंही. शिवाय दोन-दोन झेरॉक्स.
- विमान, बोट, हॉटेल या सगळ्यांच्या छापील प्रती. समुद्राखालची इंटरनेट केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाल्यापासून नेटवर्क पुष्कळ सुधारलंय, तरी बेटांवर ऐन वेळी फोनवर पान उघडत नाही असं होतं.
- वाहन परवाना, मूळ. स्कूटर त्याशिवाय देत नाहीत.
- रोख. यूपीआय चालतं, पण चालेलच असं नाही, आणि हॅवलॉक-नीलवर एटीएम मोजकीच. पोर्ट ब्लेअरमधूनच पैसे काढून निघा.
- स्वतःचा स्नॉर्कल मास्क, शक्य असेल तर. दोन-तीनदा वापरला की भाड्याचे पैसे वसूल.
- रबरी सोलचे सँडल, टॉर्च, पाण्याची रिकामी बाटली, नेहमीची औषधं.

८. घड्याळ आपलं, सूर्य पूर्वेचा

हे कुणी सांगत नाही आणि सगळ्यांचा एक दिवस वाया जातो. अंदमान ९३ अंश पूर्व रेखांशाच्या जवळ आहे आणि घड्याळ मात्र ८२.५ अंशांच्या भारतीय प्रमाणवेळेवर चालतं. त्यामुळे मुंबईच्या मानाने सूर्य तासाभराहून जास्त आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. डिसेंबरात संध्याकाळी पाच वाजून थोड्या वेळात सूर्यास्त. पहिल्या खेपेला आम्ही निवांत चहा पिऊन साडेपाचला राधानगरला पोहोचलो. समोर काळं पाणी, आणि शिट्ट्या वाजवून लोकांना बाहेर काढणारे जीवरक्षक. २००४ साली 'टाइम' मासिकाने आशियातला सर्वोत्तम ठरवलेला किनारा आम्ही अंधारात बघून आलो.

तेव्हा पाचला उठा, अकरापर्यंत भटकून घ्या, दुपारी झोपा, तीनला पुन्हा निघा.

फिरायला पोर्ट ब्लेअर आणि हॅवलॉक दोन्हीकडे सरकारी बस आहे. हॅवलॉकला धक्क्यापासून राधानगरपर्यंत बस जाते, फेऱ्या थोड्या, वेळ धक्क्यावरच विचारून घ्या. दोघं असाल तर स्कूटर परवडते, आम्हाला दिवसाचे पाचशेच्या आसपास पडले. घेताना गाडीच्या चारही बाजूंचा व्हिडिओ काढा, मालकाच्या समोर. जुने ओरखडे नवे ठरवले जाण्याची तक्रार सगळ्या पर्यटनस्थळांवर असते, इथेही आहे. नील इतकं छोटं आहे की सायकल पुरते.

भरती-ओहोटीची वेळ मात्र रोज विचारा. नीलचा दगडी नैसर्गिक पूल ओहोटीलाच नीट बघता येतो, आणि त्याच वेळी भरतपूरच्या किनाऱ्यावर पोहण्याइतकं पाणी उरत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात हा फरक फार मोठा असतो. कॅलेंडरवरची तिथी बघून दिवस लावलात तर एक फेरी वाचेल.

मगरींच्या पाट्या दिसल्या तर हसण्यावारी नेऊ नका. राधानगरजवळ २०१० मध्ये मगरीच्या हल्ल्यात एका परदेशी तरुणीचा जीव गेला आहे. लोक पोहतायत आणि जीवरक्षक हजर आहे, अशाच ठिकाणी उतरा.

९. पैसे कुठे घालायचे, कुठे नाही

एकाच गोष्टीवर खर्च करायचा असेल तर हॅवलॉकला स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन समुद्राखाली उतरणं) करा. पोहता येत नसलं तरी प्रशिक्षक हात धरून नेतो. आमच्या वेळी साडेतीन हजारांपासून सुरुवात होती. सर्वांत स्वस्त दुकान शोधू नका. एका प्रशिक्षकामागे किती जण, प्रत्यक्ष पाण्याखाली किती मिनिटं, आणि आजारपणाचा फॉर्म भरून घेतात का, हे तीन प्रश्न विचारा. फॉर्म न घेणाऱ्याकडून उठून या. सर्दी झाली असेल तर त्या दिवशी नको. स्कूबा आणि विमान यांत एक पूर्ण दिवस मोकळा हवा. वरच्या आखणीत तो आपोआप पडतो.

समुद्राखाली चालणं, काचेच्या तळाची बोट, जेट स्की असे "कॉम्बो" पोर्ट ब्लेअरच्या धक्क्यावरच गळ्यात मारले जातात. आम्ही नुसतं रॉस केलं. दहा मिनिटांची बोट, पडक्या इंग्रजी इमारतींना वडाच्या मुळांनी गिळलेलं, हरणं पायात घुटमळतायत. तिकिटाच्या मानाने सगळ्यात जास्त बघायला मिळालं ते इथे.

सेल्युलर जेलला अर्धा दिवस द्या, सुट्टीचा वार आधी विचारून. १९०६ मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीच्या सातपैकी तीनच शाखा आता उभ्या आहेत. सावरकरांच्या कोठडीशी पोहोचल्यावर आईने काही न बोलता चपला बाहेर काढल्या. मागच्या दोन-तीन बायकांनीही काढल्या, आणि दारात चपलांची छोटी रांग लागली. प्रकाश आणि ध्वनीच्या खेळाचं तिकीट वेगळं असतं, हंगामात लवकर संपतं.

बाराटांगची चुनखडीची गुहा आम्ही गाळली. पहाटे तीनला उठून गाड्यांच्या ताफ्यातून जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव जंगलातून जावं लागतं. रस्त्यात थांबणं, फोटो काढणं, खायला देणं हे गुन्हे आहेत. पण गाडीतली अर्धी माणसं गुहेपेक्षा "ते दिसतील का" याच आशेने निघालेली असतात, आणि मला त्या गाडीत बसायचं नव्हतं. दिवस वाचला, पैसेही.

१०. जेवण

हॅवलॉक आणि नीलवर पूर्व बंगालमधून येऊन वसलेली कुटुंबं बरीच आहेत, त्यामुळे बाजारातल्या साध्या खानावळीत बंगाली पद्धतीची माशाची थाळी मिळते. भात, डाळ, भाजी, मोहरीतला मासा. रिसॉर्टमधल्या जेवणाच्या निम्म्या पैशांत दोघींचं भागायचं. शाकाहारी थाळीही तिथेच. एकच सावधगिरी: मेन्यूवर दराच्या जागी "आकारानुसार" लिहिलेलं असेल तर मासा आधी वजन करून घ्या आणि एकूण किंमत विचारा, किलोची नव्हे. लॉबस्टरचं बिल बघून रडकुंडीला आलेलं एक नवं जोडपं मी डोळ्यांनी पाहिलंय.

११. परतीची बॅग

किनाऱ्यावरचं काहीही उचलू नका. मेलेलं, पांढरं पडलेलं प्रवाळसुद्धा नाही, ते वन्यजीव कायद्याखाली येतं. विमानतळावर आमच्या पुढच्या मुलाच्या खिशातून प्रवाळाचा बोटभर तुकडा निघाला. अधिकाऱ्याने तो शांतपणे एका ट्रेमध्ये ठेवला, ट्रे असल्या तुकड्यांनी निम्मा भरलेला होता. शंख-शिंपले घ्यायचेच असतील तर सरकारी सागरिका एम्पोरियममधून घ्या, आणि पावती चेक-इनच्या बॅगेत न टाकता हातातल्या पर्समध्ये ठेवा.